लग्नाची व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवरून डीव्हीडीवर कशी घ्यायची?

आधी कॅसेटची झडप उचलून टेप बघा. कोल्हापूरच्या पावसात कपाटातल्या कॅसेटला पांढरी बुरशी हमखास धरते. तशीच व्हीसीआरमध्ये घातली की टेप वाचणारं हेड गेलं म्हणून समजा, आमचं गेलंय.

टेप स्वच्छ असेल तर व्हीसीआरच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना यूएसबी कॅप्चर डिव्हाइसला (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरवर फाइल म्हणून उतरवणारी डबी) जोडा, ती कॉम्प्युटरला लावा आणि रेकॉर्ड करा. ३ तासांच्या कॅसेटला ३ तासच लागतात, जेवून या निवांत. सेटिंग पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), ७२० बाय ५७६, एमपेग-२ (डीव्हीडीला चालणारा व्हिडिओचा प्रकार). ४.७ जीबीच्या डिस्कवर २ तासांपेक्षा जास्त कोंबू नका, नाहीतर वरातीत नवरदेवाच्या तोंडाचे चौकोन दिसतात. डीव्हीडीस्टायलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातून डिस्क बर्न करा. डिस्कवर नुसती फाइल कॉपी केली तर जुना प्लेयर ती वाचेलच असं नाही. कॅप्चर केलेली फाइल मात्र लगेच पुसू नका.