उरलेले तेवीस तास

प्रिय लेकी,

तुझा निरोप रात्रीच वाचला. वॉर्डातून काढून तुला घरभेटींच्या कामावर पाठवताहेत, साथ चढतीवर आहे आणि तुला भीती वाटतेय. वाटू दे. ग्लोव्हज उतरवताना हात घाई करणार नाहीत, एवढी भीती जवळ असलेली बरी.

वॉर्ड आणि घर यांतला मोठा फरक आधी सांगते. वॉर्डात तू निघालीस की दुसरी सिस्टर येते. घरातून तू निघालीस की कोणी येत नाही. भेट एका तासाची धर, उरलेले तेवीस तास रुग्ण बायकोच्या, मुलाच्या, कधी तर शाळकरी नातीच्या हाती असतो. तुझं खरं काम त्या माणसाला तयार करणं. औषधं, ड्रेसिंग, कॅथेटर हे सगळं तुला येतंच.

हे मला २०२० मध्ये एका घरात कळलं. साठीपुढचे गृहस्थ, तापाचा सातवा दिवस. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर बोटाला लावला, ९५ टक्के आला. मी तो लिहून घेतला, ‘ठीक आहे’ म्हटलं आणि बॅग आवरायला लागले. फेसशील्डवर वाफ धरली होती, गाऊन अंगाला चिकटला होता, अजून चार घरं बाकी होती. दारापर्यंत आले तेव्हा त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, “सकाळपासून यांचं एकही वाक्य पुरं होत नाहीये.” मी परत फिरले आणि घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला ३४. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास १२ ते २० असतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण मी मोजलेच नव्हते. त्यांना लगेच रुग्णालयात हलवलं आणि ते बरे होऊन घरी आले. त्या बाईंना आकड्यांतलं काही कळत नव्हतं. नवरा कसा बोलतो हे मात्र त्यांना चाळीस वर्षांपासून माहीत होतं.

उलटंही पाहशील. आकडा ८५ आणि माणूस फोनवर आरामात गप्पा मारतोय. कोविडमध्ये ऑक्सिजन बराच उतरला तरी काहींना धाप जाणवत नसे. म्हणून आकडा, श्वास आणि बोलणं ही तिन्ही एकत्र बघायची, आणि घरच्यांनाही तशीच बघायला शिकवायची. ऑक्सिमीटर लावण्याआधी बोट चोळून गरम कर, नखाला रंग असेल तर काढायला सांग, आकडा स्थिर होईपर्यंत थांब. गडद त्वचेवर तो काही वेळा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, हे २०२० च्या अखेरच्या अभ्यासाने ठळकपणे पुढे आणलं. आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसत असेल, तर माणसावर विश्वास ठेव.

शिकवताना भाषण देऊ नकोस. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात तीनपेक्षा जास्त गोष्टी राहत नाहीत. तू करून दाखव, मग त्यांना करू दे, आणि ते करत असताना गप्प राहा. हे गप्प राहणं मला सगळ्यात जड गेलं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, पंधरा सेकंदांचे चौपट करायचे नाहीत. कूस बदलता न येणाऱ्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पडून राहून जखमा होताहेत का म्हणून टाचा आणि माकडहाड रोज बघायचं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे घरात ऑक्सिजन देणारं यंत्र, असेल तर खोलीत काडी, सिगारेट, समई काहीही पेटवायचं नाही, आणि लिटरची कळ आपल्या मनाने वाढवायची नाही. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, रुग्णाला ऑक्सिजन बहुधा ८८ ते ९२ टक्के एवढाच ठेवायला सांगितलेला असतो. तिथे घरचे मायेपोटी कळ वाढवतात आणि नुकसान होतं. शेवटी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिही: काय झालं की फोन करायचा आणि कोणाला. तो कागद उशाशी लाव, कपाटात ठेवू देऊ नकोस.

संरक्षक किटचं थोडक्यात. घरात डॉफिंगची, म्हणजे किट उतरवायची, खोली नसते आणि चुकलीस तर टोकणारी जोडीदारही नसते. काय कुठे उतरवायचं, पिशवी कुठे ठेवायची हे आत शिरण्याआधीच ठरव. मास्क सगळ्यात शेवटी, तोही बाहेर आल्यावर, आणि लगेच हात धुवायचे. बॅग अंथरुणावर किंवा जमिनीवर टेकवायची नाही. भेटींचा क्रमही लावून घे: केमोथेरपी चाललेले, जखमेचे, इन्सुलिनचे रुग्ण आधी, बाधित घरं शेवटी. आम्हाला पहिल्या काही आठवड्यांत मास्क पुरेसे मिळाले नाहीत, घरभेटीवाल्यांची आठवण सगळ्यांच्या शेवटी झाली. तू आधीच लेखी मागून ठेव. तो तुझा हक्क आहे.

काही दारं उघडणारच नाहीत. संसर्ग तूच आणशील अशी त्यांना भीती असते, आणि ती अगदीच खोटी नसते. रागावू नकोस. पण पायाची जखम असलेला मधुमेही ‘साथ संपल्यावर या’ म्हणाला तर सोडूनही देऊ नकोस. दाराबाहेरून बोल, जखमेचा फोटो मागव, दोन दिवसांनी पुन्हा जा. साथीत असे रुग्ण मागे पडतात, आणि त्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही.

हे काम नवं नाही, बरं का. १९१८ च्या इन्फ्लुएंझात विषाणूवर औषध नव्हतं, नंतरच्या न्यूमोनियावर प्रतिजैविकं नव्हती. न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड यांनी १८९३ मध्ये सुरू केलेल्या सेवेतल्या नर्स तेव्हा घरोघर फिरल्या. कोरडं अंथरूण, घोट घोट पाणी, उघडी खिडकी, आणि घरातल्या धडधाकट माणसाला हे सगळं शिकवणं एवढंच त्यांच्या हाती होतं. ते ‘एवढंच’ मला पूर्वी क्षुल्लक वाटायचं. आता वाटत नाही.

एखाद्या घरी मृत्यूही होईल, आणि दूरच्या मुलाला निरोप घेता यावा म्हणून फोन कानाशी धरणारी तूच असशील. त्या दिवशी पुढची भेट दुसऱ्या कुणाला द्यायला सांग आणि कोणाशी तरी बोल. मी बोलले नव्हते. ते बरेच महिने अंगावर राहिलं.

सोमवारपर्यंत एक कर. आज रात्री घरातलं कोणी झोपलं असेल तर जरा लांब बसून त्याचे श्वास पूर्ण मिनिटभर मोज. मग त्याच घरातल्या दुसऱ्या कुणाला मोजायला शिकव. दोघांचे आकडे मला कळव.

तुझी,
ताई