मिसळ आधी की वाइन?

प्रश्न: नाशिकला मावशीकडे जातोय, वायनरी बघायचीय. कधी जावं, चव कशी घेतात? गावंढळ दिसायला नको.

उत्तर: अहो, दिसलात तर दिसलात! जानेवारी ते मार्चमध्ये जा, तेव्हा तोडणी चालू असते, पावसाळ्यात हिरवळ मस्त पण वेलीवर द्राक्षाचा मणी दिसायचा नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला वायनरी आहे, त्यांची पहिली वाइन २००० सालची. आधी चेनिन ब्लां ही पांढरी वाइन घ्या, जराशी गोडसर असते, मग शिराझ ही लाल. ग्लास दांडीला धरायचा, नाहीतर हाताच्या उबेनं गार वाइन कोमट होते (मी पहिल्यांदा चहाच्या कपासारखा दोन्ही हातांनी धरलेला). आणि मिसळ नंतर हाणा, तर्रीनं जीभ बधिर झाली की सगळ्या वाइन सारख्याच लागतात. गाडी न पिणाऱ्याकडेच द्या.