व्हायोलिन सोडू नकोस, पण एकदा व्हायोला उचलून बघ

अगं,

तुझा मेसेज दोनदा वाचला, एकदा रात्री चष्म्याशिवाय आणि एकदा सकाळी चहाबरोबर. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांतली व्हायोलिनची आठवी ग्रेड डिस्टिंक्शनने पास, आई म्हणते आधी कॅम्पसमधली नोकरी घे आणि तुला ऑर्केस्ट्रात वाजवायचंय. आणि आधी ते सर म्हणणं बंद कर, तुझ्या आईला मी फ्रॉकमध्ये पाहिलंय, काका म्हण. दुसरं, घरी बोलताना ऑर्केस्ट्रा हा शब्द जपून वापर, कारण तुझ्या आजीच्या डोळ्यासमोर गणपतीच्या मांडवातली किशोरकुमारची गाणी म्हणणारी मंडळीच येणार. वाईट नाही हां त्यात काही, मीही तिथे वाजवलंय आणि बिदागी त्याच रात्री हातात पडायची.

तू विचारलंयस स्कोप आहे का. बघ, आपल्याकडे खरोखरचा व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणावा असा एकच, मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राचा, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ मध्ये खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव यांनी उभा केलेला. त्यात कायमचे भारतीय वादक मोजकेच, बाकी बरेचसे बाहेरून येतात. यावर आपले लोक फार कुरकुरतात, नाव इंडियाचं आणि माणसं परदेशची वगैरे. मला ती कुरकुर पटत नाही. ओबो, बासून, हॉर्न, ही फुंकायची वाद्यं वाजवणारा आणायचा कुठून? मुंबईत व्हायोलिन-पियानोच्या ग्रेड देणारी मुलं ढिगाने सापडतील, पण ग्रेडची परीक्षा म्हणजे काय, तू, तुझे तीन पीस, स्केल्स आणि साथीला एक पियानोवाला. शेजाऱ्याचा बो, म्हणजे गज, कुठे चाललाय ते बघत वाजवायचं, कंडक्टरचा हात आणि नोटेशनचा कागद एकाच नजरेत ठेवायचा, साठ बार, म्हणजे तालाची साठ आवर्तनं, गप्प बसून एकसष्टाव्याला बरोबर यायचं, हे त्या आठ ग्रेडमध्ये कुठेच नाही. तू आठवी पास आहेस याचा अर्थ तू एकटी छान वाजवतेस. ऑर्केस्ट्रातलं अजून सुरूही झालेलं नाही, राग मानू नकोस.

माझे सर म्हापशाकडचे. तिकडे पोर्तुगीजांच्या काळापासून चर्चच्या शाळेत मेस्त्री, म्हणजे संगीताचा मास्तर, पोरांना आधी सोल्फेज (आपल्या सारेगमसारखं दो-रे-मी) गायला लावायचा, कागद बघून नोटा म्हणता आल्या की मगच व्हायोलिन हातात. म्हणून तर गोव्याची माणसं मुंबईच्या फिल्म लाइनमध्ये इतकी शिरली, ती समोर ठेवलेला कुठलाही कागद तिथल्या तिथे वाजवायची. अँथनी गोन्साल्विस मजोर्ड्याचे, त्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल शिकले. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं अरेंजिंग वर्षानुवर्षं केलं. मी त्या जत्रेत अगदी शेवटी पोचलो. सकाळी नऊला ताडदेवला फिल्म सेंटर स्टुडिओ, तीस-चाळीस व्हायोलिनं, शाई नीट न वाळलेले कागद स्टँडवर, दोन रिहर्सल आणि टेक. एकदा मी रेस्ट, म्हणजे गप्प बसायचे बार, मोजताना चुकलो आणि एक बार आधी घुसलो, एकटाच, अख्ख्या हॉलमध्ये माझा एकट्याचा जी सूर. तेव्हा ट्रॅक वेगळे नव्हते, सगळ्यांना परत पहिल्यापासून वाजवावं लागलं. कोणी काही बोललं नाही, फक्त पुढच्या डेस्कवरचे एक म्हातारे अंकल मागे वळून हसले. ते हसू मला अजून घाम फोडतं.

मग सिंथेसायझर आला. एकदम नाही आला हां, लोक सांगतात तसं एका रात्रीत काही झालं नाही, आधी चाळीसचे वीस झाले, मग आठ, आठ जण वाजवायचे आणि खाली कीबोर्डचा थर द्यायचा, मग आमच्या घरचा फोन वाजायचाच थांबला. आणि आता खरी तारवाद्यं लागली तर निर्माता सरळ मॅसेडोनियात स्कोप्येला नाहीतर बुडापेस्टला फाइल पाठवतो, तिथली माणसं तीन तासांत कागद वाजवून मोकळी. म्हणजे खऱ्या वादकाची गरज संपलेली नाही, फक्त ती गरज भागवायला आपल्याकडे माणसं तयार नाहीत, हे मला जास्त लागतं.

आता बाहेरचं. तुझ्या डोक्यात जर्मनी आहे, बरोबर आहे, सरकारी पैशावर चालणारे इतके ऑर्केस्ट्रा दुसरीकडे नाहीत. पण तिथेही १९९२ मध्ये १६८ होते, आता १३० च्या आसपास आलेत. श्टुटगार्टचा आणि बाडेन-बाडेन-फ्रायबुर्गचा असे रेडिओचे दोन चांगले ऑर्केस्ट्रा होते, २०१६ मध्ये दोन्ही मिळून एक करून टाकला. अमेरिकेत फिलाडेल्फियासारख्या दिग्गज ऑर्केस्ट्राने २०११ मध्ये कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज दिला होता. मिनेसोटात पगारकपातीवरून वादकांना बाहेर काढून कुलूप लावलं, ते पंधरा महिने. लोक म्हणतात प्रेक्षक म्हातारे झाले, तरुणांना आवडत नाही. असेल. पण मूळ दुखणं हिशेबाचं आहे आणि ते तुला इंजिनिअर म्हणून पटकन कळेल. बोमोल नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६० च्या दशकातच मांडलंय ते. कारखान्यात यंत्र सुधारलं की तेवढ्याच माणसांत दुप्पट माल निघतो आणि पगार वाढले तरी परवडतं, पण बेथोव्हेनची पाचवी १८०८ मध्ये वाजली तेव्हा अर्धा तास लागला आणि तेवढी माणसं लागली, आजही तेवढीच माणसं आणि तोच अर्धा तास. माणसांचे पगार मात्र आजचे. तिकिटातून हे कधीच निघत नाही, सरकार नाहीतर कोणी शेठ लागतोच, आणि शेठचा मूड बदलला की खुर्च्या कमी.

आणि त्या खुर्चीसाठी रांग बघ. चांगल्या ऑर्केस्ट्रात एका व्हायोलिनच्या जागेला शंभर-दीडशे अर्ज सहज येतात, पडद्यामागे उभं राहून पाच-दहा मिनिटं वाजवायचं, कुठे कुठे तर चपलेच्या आवाजावरून बाई की बुवा कळू नये म्हणून खाली गालिचा असतो. जर्मनीत ते जमलं तरी पुढे प्रोबेशन, आणि शेवटी मत देणारे कोण, तर तुझ्या शेजारी बसणारेच. म्हणजे छान वाजवून भागत नाही, तुझ्या शेजारी बसणं लोकांना बरं वाटलं पाहिजे. आंघोळ, वेळ आणि पेन्सिल. हसू नकोस, रिहर्सलला पेन्सिल न आणणाऱ्याला मी स्वतः मनातून काढून टाकतो.

म्हणून मला जे सांगायचंय ते हे, की व्हायोला घे, व्हायोलिनचंच जरा मोठं, खालच्या सुराचं भावंड. तुझं तोंड वाकडं झालेलं मला इथून दिसतंय. व्हायोला म्हणजे नापास व्हायोलिनवाल्यांचं वाद्य हा जोक मी चाळीस वर्षं ऐकतोय. पण द्वोर्झाकसारखा मोठा संगीतकार प्रागच्या थिएटरात वर्षानुवर्षं व्हायोलाच वाजवत बसलेला होता आणि मोझार्टला चौकडीत (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो) बसायचं तर व्हायोलाच हवा असायचा, कारण मधे बसलं की सगळं ऐकू येतं. जागा तिथेही थोड्याच असतात, पण उमेदवारही कमी असतात, आणि मुंबईत तर हौशी ऑर्केस्ट्रावाले व्हायोलासाठी अक्षरशः हातापाया पडतात. तुला बोटं तयार आहेत, बो तयार आहे. त्रास दोनच. एक आल्टो क्लेफ, म्हणजे सूर कुठल्या रेघेवर ते सांगणारी वेगळी खूण, मधल्या रेघेवर सी, पहिला महिना डोकं फिरेल. दुसरा, वाद्य मोठं. व्हायोलिनची बॉडी चौदा इंच, व्हायोला पंधरापासून सतरापर्यंत काहीही, आणि तू पाच फुटांची, तेव्हा कोणी साडेसोळाची गळ्यात मारली तर घेऊ नकोस. मी हट्टाने मोठी वाजवली, आज डावा हात खांद्याच्या वर जात नाही, डबे वरच्या फळीवर तुझी काकू ठेवते. दुखलं की थांबायचं, दुखण्यातून वाजवणं यात शौर्य काही नाही. आणि ब्रासच्या, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाल्यांच्या, पुढे बसशील तेव्हा कानात इअरप्लग घाल, मी घातले नाहीत म्हणून तू फोनवर मला ओरडून बोलतेस.

नोकरीचं म्हणशील तर आईचं ऐक. मला माहितीय तुला हे ऐकायचं नव्हतं. पण दोन वर्षं नोकरी कर, जर्मन शीक, पैसे साठव, तिकडच्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत फी जवळपास नसतेच (श्टुटगार्ट-फ्रायबुर्गकडच्या राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो, तेवढं लक्षात ठेव), पण राहण्याखाण्याचे पैसे आधी खात्यात दाखवावे लागतात. आणि त्या दोन वर्षांत दर आठवड्याला कोणाबरोबर तरी बसून वाजव. एकटीने चार तास घासण्यापेक्षा ते दोन तास जास्त कामाचे. चौकडी जमव, चौथा मिळाला नाही तर मी येतो.

रविवारी ये. माझ्याकडे साडेपंधराची एक जुनी व्हायोला आहे, सरांची, या पावसात तिचा खालचा जोड सुटला होता, सरस लावून क्लॅम्पमध्ये ठेवलीय, शनिवारपर्यंत धरेल. सीच्या तारेची खुंटी फुगून बसलीय, ती माझ्याच्याने फिरत नाही, तुझी बोटं तरुण आहेत, तू बघ. स्टामिट्झच्या व्हायोला कॉन्चेर्तोचा कागद काढून ठेवतो. सकाळी ये पण दहाच्या आधी नको, खालच्या मजल्यावरच्यांचं बाळ झोपलेलं असतं. आणि पेन्सिल आण.

काका