दोष देणं आणि माणसातून उठवणं

प्रिय बाळा,

काल फोनवर तुझी घाई होती आणि मी गाडी चालवत होतो, म्हणून निवांत लिहितो आहे. तू विचारलंस की नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो (इथे लीड्समध्ये मिळत नाही म्हणून छोटी काकडी) आणि नरकासुर मेला म्हणतो, ते बरोबर आहे का. वाईट वागणाऱ्याला राक्षस ठरवलं की त्याचं माणूसपण हिरावलं जातं, असं तुमच्या वर्गात शिकवलंय. आणि खरी काळजी त्याच्या मागे होती: ज्या सीनियर मुलाने त्या लहान मुलीला छळलं, त्याच्याविरुद्ध पुढच्या आठवड्यात समितीपुढे तू बोलणार आहेस. तूही त्याचं तेच करणार का?

कारिटाचं लवकर सांगून टाकतो. नरकासुराने मरताना वर मागितला, म्हणून त्याच्या नावाच्या दिवशी लोक अभ्यंगस्नान करतात, असं कथा सांगते. आणि पाडव्याला आजी ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणते, तो बळीही असुरच. एका असुराचा वध साजरा करायचा आणि दुसऱ्याचं राज्य परत मागायचं, हे एकाच दिवाळीत बसतं. आपल्या लोकांनी कूळ पाहिलं नाही, करणी पाहिली. मला ही रीत आवडते.

तुझ्या समितीचं मात्र एवढ्यात भागणार नाही. त्यासाठी महाडला जावं लागेल.

२० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. तळं नगरपालिकेचं, ते सर्वांना खुलं असल्याचा ठरावही झालेला. गुरंढोरं तिथे पाणी पीत. अन्य धर्मांचे लोक पीत. अस्पृश्यांनी मात्र ओंजळ भरायची नाही. त्या दिवशी वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्या लोकांना लाठ्याकाठ्यांनी मारलं गेलं. मार खाणारे संख्येने थोडे नव्हते, चिडलेलेही होते. बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. हल्ला करणाऱ्यांवर खटले झाले, काहींना सक्तमजुरी झाली. इकडे सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं.

यात माणसाला माणसातून कोणी उठवलं, ते बघ. घागरी ओतणाऱ्यांनी. त्या मंत्रपठणात कदाचित एकही शिवी नसेल, सगळं सोवळ्यात, शांतपणे झालं असेल. पण त्याचा अर्थ असा की जनावराच्या जिभेने जे पाणी बाटत नाही, ते तुमच्या ओठांनी बाटतं.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. एवढा कडक निषेध त्याआधी क्वचितच झाला असेल. पण जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. चळवळीत ब्राह्मण नकोत, मग आम्ही पाठिंबा देतो, असं ब्राह्मणेतर चळवळीतल्या काही पुढाऱ्यांनी सुचवलं होतं. ती अट बाबासाहेबांनी मान्य केली नाही. आमचं भांडण ब्राह्मण्याशी आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसांशी नाही, ही त्यांची भूमिका होती. तळ्याचा दावा सवर्णांनीच त्यांच्यावर लावला, आणि ते तो कोर्टात नऊ वर्षांहून जास्त लढले. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. समोरच्याचं म्हणणं ऐकलं जाईल आणि त्याला उत्तरही द्यावं लागेल, अशा जागी ते त्याच्यासमोर उभे राहिले. चालत्या माणसावर वाघाने झडप घातली तर आपण वाघाला जाब विचारत नाही. जाब माणसालाच विचारतात, कारण तो वेगळं वागू शकला असता अशी आपली खात्री असते. त्याला दोष देताना आपण त्याला आपल्यातलाच धरलेला असतो.

उलट बाजूही आपल्याकडेच आहे, आणि ती मला फार टोचते. जातपंचायती एखाद्या घराला वाळीत टाकतात. कोणी बोलत नाही, दुकानदार माल देत नाही, घरात मयत झालं तर खांदा द्यायला कोणी येत नाही. तोंडाने वाईट शब्द काढायचीही गरज नसते. महाराष्ट्राला याविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीचा. हे किती जुनं आहे ते ज्ञानेश्वरांच्या घरावरून कळतं. संन्यासाश्रमातून वडील परत संसारात आले म्हणून आळंदीत त्या कुटुंबाला बहिष्कृत केलं, मुलांच्या मुंजी नाकारल्या, असं परंपरा सांगते. आई-वडील प्रायश्चित्तात गेले. त्याच घरातल्या मुलाने ‘जे खळांची व्यंकटी सांडो, तया सत्कर्मी रती वाढो’ असं मागणं मागितलं. दुष्टाला दुष्ट म्हणायला तो कचरला नाही. वाकडेपणा जावा एवढंच मागितलं. माणूस जावा असं कुठेही नाही. तू लहानपणी पसायदान पाठ म्हणायचीस, पण हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून समितीपुढे जा आणि कठोर बोल. सौम्य शब्द वापरलेस म्हणजे त्याच्याशी माणुसकीने वागलीस असं होत नाही. त्या लहान मुलीच्या वाट्याला जे आलं, ते पातळ करून सांगितलंस तर तिचं माणूसपण कमी होईल, आणि तिथेही कोणीतरी बसलेलं असेल जो म्हणेल, ‘जाऊ दे, पोरं आहेत.’ त्याने कधी, कुठे, काय केलं ते क्रमाने सांग. ‘ही सगळी मुलं अशीच’ हे वाक्य मात्र टाळ, त्याच्या घरच्यांवर किंवा देशावर जाऊ नकोस. त्याला उत्तर द्यायला वेळ मिळावा असं तूच समितीला सांग, आणि तो बोलेल तेव्हा त्याच्याकडे पाहून ऐक. शिक्षा भोगून तो परत वर्गात आला तर मेसमध्ये त्याच्या टेबलावर कोणी बसायचं नाही, असा ठराव तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होऊ लागेल. त्यावर सही करू नकोस.

आईने तुझ्यासाठी शंकरपाळ्या भरून ठेवल्या आहेत, पार्सल सोमवारी टाकतो. समितीच्या आदल्या रात्री फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझा,
बाबा