गिटार विकायची घाई नको

सप्रेम नमस्कार,

आपला मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे, चार वर्षे त्याने रॉक बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवली, आणि बँड मोडल्यापासून तो रात्ररात्र हेडफोन लावून लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक संगीत रचत बसतो, असे आपण लिहिले आहे. आता त्याला शिक्षण सोडायचे आहे, गिटार आणि पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालवायची उपकरणे) विकून सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज निर्माण करणारे वाद्य, घ्यायचे आहे, आणि साडेचार लाख रुपये शुल्काचा एक वर्षाचा संगीतनिर्मितीचा अभ्यासक्रम करायचा आहे. ‘आधी ते खूळ होते, आता हे, उद्या तिसरे निघाले तर?’ ही आपली काळजी रास्त असली, तरी मला यात दुसरे खूळ दिसत नाही, पहिल्याच वाटेचा पुढचा टप्पा दिसतो.

आपला मुलगा डिले पेडल, म्हणजे स्वराचा प्रतिध्वनी उमटवणारे पेडल, वापरत असेलच. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल, तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा होतो. पेडलवर ३७५ मिलिसेकंदांचा विलंब लावला, की छेडलेल्या प्रत्येक स्वराचा प्रतिध्वनी पाऊण ठोक्यानंतर उमटतो, आणि साध्या चार स्वरांची गुंतागुंतीची वीण तयार होते. इलेक्ट्रॉनिक संगीतातला सीक्वेन्सर स्वर ठरल्या अंतराने पुन्हापुन्हा वाजवून अशीच वीण घडवतो. बर्लिनचा मानुएल ग्योटशिंग हा आश रा टेम्पल या रॉक बँडचा गिटारवादक. त्याने १९७५ साली प्रकाशित केलेला एक संपूर्ण अल्बम केवळ गिटार, प्रतिध्वनी आणि टेपरेकॉर्डर यांवर उभा केला. पुढे डिसेंबर १९८१ मध्ये त्याने आपल्या स्टुडिओत सिंथेसायझर आणि सीक्वेन्सर लावून सुमारे तासाभराची ‘ई२-ई४’ ही रचना एका बैठकीत ध्वनिमुद्रित केली, आणि तिच्या उत्तरार्धात गिटार हातात घेतली. १९८४ साली ती प्रसिद्ध झाली आणि हाउस व टेक्नो हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत वाजवणाऱ्या डीजेंनी ती डोक्यावर घेतली. आपल्याकडे मुंबईच्या पेंटाग्राम बँडचा गिटारवादक रँडॉल्फ कोरिया याने मोनिका डोग्रासोबत ‘शायर अँड फंक’ या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत केले. ग्योटशिंग आणि कोरिया या दोघांनीही गिटार टाकली नाही, म्हणून आपल्या मुलाने अॅम्प्लिफायर विकला तरी चालेल, गिटार आणि पेडल मात्र राहू द्यावीत.

गिटारवादकाला जे येत नाही, तेही स्पष्ट सांगतो. गिटारची सर्वांत खर्जातली तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते, तर इलेक्ट्रॉनिक संगीताचा किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आणि बेस (खर्जातले स्वर) बहुतांशी त्याच्याही खाली असतो. बँडमध्ये तो प्रदेश ड्रमर आणि बेसवादक सांभाळत होते, त्यामुळे आपल्या मुलाचा कान तिथे तयार झालेलाच नाही, आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर तो भाग ऐकूही येत नाही. याहून मोठी अडचण एकटेपणाची आहे. बँडमध्ये तालमीची वेळ ठरलेली असते, चुकले तर चौघे बोलतात आणि कार्यक्रमाची तारीख आली की गाणे तयार करावेच लागते. इथे रचना पूर्ण झाली हे ठरवणारा तो एकटाच आहे, आणि आठ मात्रांचा सुरेख तुकडा महिनोन्महिने फिरवत बसणारी मुले मला पुष्कळ भेटतात.

म्हणून शुल्क भरण्याआधी त्याला सहा महिने द्यावेत आणि तीन-चार मिनिटांच्या चार पूर्ण रचना मागाव्यात. त्या फोनवर, गाडीत आणि चांगल्या स्पीकरवर ऐकाव्यात. जिथे बेस नाहीसा होतो किंवा गढूळ होतो, तिथे त्याला काय शिकायचे आहे ते आपोआप कळेल. खर्च फार नाही: गिटार लॅपटॉपला थेट जोडता येईल असा साधा ऑडिओ इंटरफेस, बरे हेडफोन आणि रीपरसारखे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर, जे ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. चार रचना झाल्या, तर अभ्यासक्रमाचा विचार जरूर करावा, पण कर्ज काढून नव्हे. या व्यवसायाची सुरुवातीची मिळकत मासिक हप्त्याला पुरेल इतकी नियमित नसते. लघुपट, जाहिराती, खेळांचे ध्वनी आणि इतरांच्या गाण्यांचे मिक्सिंग (वेगवेगळ्या आवाजांचा मेळ बसवणे) अशा सुट्या कामांतूनच बहुतेकांचा जम बसतो.

पदवी मात्र त्याने पूर्ण करावी. हे मी ‘हाताशी काहीतरी असावे’ एवढ्याचसाठी म्हणत नाही. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या ध्वनिविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची पदवी आणि बारावीला भौतिकशास्त्र लागते, आणि त्याच्याकडे यातली अर्धी अट आताच पूर्ण आहे. शिवाय फिल्टर, फूरिये विश्लेषण, सॅम्पलिंग हे सिग्नल प्रोसेसिंगचे, म्हणजे ध्वनीसारख्या संकेतांवर गणिताने प्रक्रिया करण्याचे, विषय त्याच्या शाखेत असतील, तर तो दिवसा जे पाठ करतो आणि रात्री कानाने चाचपडतो, ते एकच आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. आपण सांगितलेत तर त्याला बहुधा आश्चर्य वाटेल.

एक व्यावहारिक सूचना. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा परवानगीशिवाय रचनेत वापरू नये, आणि तयार लूप (पुन्हापुन्हा वाजवायचा तुकडा) घेतल्यास त्याच्या परवान्याच्या अटी जपून ठेवाव्यात. स्वतःच्या रचना प्रसिद्ध होऊ लागल्या, की त्याने संगीतकार म्हणून आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या संस्थेचे सदस्यत्व घ्यावे, म्हणजे सार्वजनिक वादनाचे मानधन त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला होईल. चौथी रचना तयार झाली की चारही मला पाठवाव्यात. अभ्यासक्रमाचे माहितीपत्रकही सोबत जोडावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक