माजी सैनिकांचे उपचार पूर्णपणे खासगी रुग्णालयांकडे सोपवावेत का?

तुम्ही अमेरिकेचं उदाहरण देऊन विचारलंय की आपल्याकडेही सरकारने माजी सैनिकांच्या उपचारांतून अंग काढून घ्यावं का, खासगी रुग्णालयं हे काम जास्त चांगलं करणार नाहीत का. माझं उत्तर 'नाही' असं आहे. मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात टीपीए डेस्कवर, म्हणजे विमा आणि सरकारी योजनांची बिलं हाताळणाऱ्या खिडकीवर, बसते. कॅशलेसच्या फायली, अप्रूव्हल, बिलं, कपात हे माझं रोजचं काम. वडील, म्हणजे आमचे अण्णा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आले आणि सातारा जिल्ह्यात गावी राहतात. त्यामुळे खिडकीच्या आतली रांग मला माहीत आहे आणि बाहेरचीही.

मुळात आपल्याकडे हे उपचार अर्धेअधिक खासगीत गेलेलेच आहेत. 2003 च्या आधी फौजी पेन्शनीत आला की एमएचमध्ये, म्हणजे लष्करी रुग्णालयात, जागा असली तर उपचार, नाहीतर आपला खिसा. 1 एप्रिल 2003 ला ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांसाठीची केंद्राची आरोग्य योजना, सुरू झाली. या योजनेचं स्वतःचं एकही मोठं रुग्णालय नाही. देशभर चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत, तिथे डॉक्टर तपासतो, औषधं देतो आणि पुढची गरज असेल तर रेफरल, म्हणजे मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी, देतो. जवळच्या लष्करी रुग्णालयात सोय असेल तर तिथे, नाहीतर पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार केलेल्या, खासगी रुग्णालयात. बायपास, गुडघे, डायलिसिस, कॅन्सर यातलं बहुतेक काम खासगीतच होतं आणि बिल सरकार भरतं. केंद्राच्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी 2024-25 ला 6,968 कोटी आणि 2025-26 ला 8,317 कोटी रुपये ठेवले होते, त्यातला मोठा भाग असाच बाहेर जातो.

मग पूर्ण सोपवायचं म्हणजे काय करायचं? पॉलिक्लिनिक बंद करून प्रत्येकाच्या हातात विम्याचं कार्ड द्यायचं, असंच ना? माझ्या डेस्कवर दोन्ही प्रकारची कार्डं येतात. विम्याच्या कार्डावर रकमेची मर्यादा असते, आधीचे आजार किती वर्षांनी धरायचे याची अट असते, दरवर्षी हप्ता वाढतो. ईसीएचएसमध्ये हवालदारापर्यंतच्या जवानाने एकदाच 30,000 रुपये भरायचे, अधिकाऱ्याने 1,20,000. 1996 च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना तेही माफ. वयाची अट नाही, जुना आजार चालतो, उपचारांच्या रकमेला वरची मर्यादा नाही. सत्तरीतल्या नवरा-बायकोची बऱ्यापैकी पॉलिसी काढायला गेलात तर ते 30,000 पहिल्या वर्षीच संपतील.

आता खिडकीच्या आतली गोष्ट, कारण खरा घोळ इथे आहे. ईसीएचएसचे दर सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दरांवर ठरतात. तज्ज्ञ डॉक्टरची ओपीडीतली फी 2023 पर्यंत 150 रुपये होती, मग ती 350 झाली. पुण्यात 350 रुपयांत कोणता हृदयरोगतज्ज्ञ भेटतो ते मला सांगा. ऑपरेशनच्या पॅकेजचे बरेचसे दर 2014 पासून जवळपास तिथेच होते, त्यांची मोठी फेररचना व्हायला 2025 चा ऑक्टोबर उजाडला. बिल आम्ही ऑनलाइन टाकतो, बिल तपासणारी एजन्सी 'एनएमआय' मारून परत पाठवते, म्हणजे अजून माहिती द्या. एखाद्या स्टेंटचं स्टिकर, एखादा रिपोर्ट, सहीचा कागद. तो दिला की पुढची क्वेरी. त्यातून पास झालेलं बिलही निधी आला की मगच सुटतं.

थकबाकी फुगली की रुग्णालयाचा मालक काय करतो? तो 'आम्ही फौजींना घेत नाही' असं कधीच म्हणत नाही. 'त्या कॅटेगरीचे बेड सध्या फुल आहेत' असं डेस्कवरून सांगायला लावतो. मी ते वाक्य ऐकलंय आणि वरून सांगितल्यावर बोललेही आहे. समोर आर्मीची टोपी घातलेला म्हातारा माणूस असतो, तो 'बरं ताई' म्हणून निघून जातो. वाद घालत नाहीत ही माणसं, तेच जास्त लागतं. सगळा कारभार खासगीकडे गेला की ही 'फुल'ची पाटी कायमची होईल, कारण तेव्हा दुसरीकडे पाठवायला पॉलिक्लिनिकचा ओआयसी, म्हणजे प्रभारी अधिकारीही नसेल. आत्ता निदान तो फोन करून भांडतो तरी.

खासगीवाले धुतल्या तांदळासारखे आहेत असंही नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने 2015 च्या अहवालात या योजनेचे वाभाडे काढले होते: पॉलिक्लिनिकमध्ये औषधं नाहीत, बिलांना उशीर, आणि त्याच वेळी रुग्णालयांना जादा पैसेही गेलेले. एकीकडे थकबाकी, दुसरीकडे जादा रक्कम, असं एकाच योजनेत होऊ शकतं यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. माझा बसतो. बिल बारकाईने वाचणारा माणूस नसला की दोन्ही होतं, आणि खासगीकडे जितकं जास्त सोपवाल तितकी अशी माणसं सरकारकडे जास्त लागतील.

दुसरा मुद्दा ऑपरेशननंतरचा. अण्णांना पुण्यात स्टेंट बसवला. डॉक्टर उत्तम, काम चोख, त्याबद्दल काही म्हणणं नाही. डिस्चार्जच्या वेळी ब्रँडची नावं लिहिलेली यादी हातात आली. आधीची औषधं साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकमधून दुसऱ्या नावाने चालू होतीच. अण्णा शिस्तीचे, जे डबीत असेल ते वेळेवर घेणार. पुढच्या महिन्यात औषधं घ्यायला गेले तेव्हा तिथल्या फार्मासिस्टने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या आणि विचारलं, काका, ही दोन्ही घेताय का? रक्त पातळ ठेवायची एकच गोळी, क्लोपिडोग्रेल, दोन नावांनी दुप्पट चालली होती. आमच्या रुग्णालयांचं काम डिस्चार्ज समरीपाशी संपतं. त्यात वाईट हेतू नसतो, पुढच्या काळजीचे पैसे कोणी देत नाही एवढंच.

त्याच पॉलिक्लिनिकचे दोषही सांगते. डॉक्टर आणि बाकी स्टाफ कंत्राटी, आज आहेत उद्या नाहीत. औषध नसलं की 'एनए'चा, म्हणजे 'उपलब्ध नाही' असा, शेरा मिळतो, मग ठरवून दिलेल्या केमिस्टकडे जा किंवा स्वतः विकत घेऊन पैसे मागत बसा. लांबच्या गावातून एसटीने येऊन 'उद्या या' ऐकणाऱ्या माणसाला माझं हे सगळं विवेचन सांगितलं तर तो माझ्यावरच चिडेल, आणि त्याचं बरोबर असेल. पण त्याच्या तालुक्याला पॅनेलवरचं हृदयाचं रुग्णालय विम्याच्या कार्डाने उगवणार नाही. पॅनेलवरची मोठी रुग्णालयं पुणे, मुंबई, कोल्हापूर अशा ठिकाणीच दाटलेली आहेत, कारण पैसे देणारा बाकीचा रुग्णही तिथेच आहे.

अमेरिकेचं म्हणाल तर तिकडची गोष्ट उलटी आहे. तिथे व्हीए नावाची सरकारची स्वतःची प्रचंड यंत्रणा आहे, सुमारे 90 लाख नोंदलेले माजी सैनिक, स्वतःची रुग्णालयं, स्वतःचे पगारी डॉक्टर. 2014 साली ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या रुग्णालयात खऱ्या प्रतीक्षायाद्या दडवून ठेवल्याचं बाहेर आलं आणि त्या खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना जावं लागलं. त्यातून कायदा आला: 40 मैलांपेक्षा लांब राहत असाल किंवा 30 दिवसांपेक्षा जास्त थांबावं लागणार असेल तर खासगीत जा. 2018 च्या मिशन कायद्याने हे दार आणखी रुंद केलं, साध्या तपासणीसाठी 30 मिनिटांचा आणि तज्ज्ञासाठी 60 मिनिटांचा प्रवास हा निकष ठरला. आपण फक्त इथपर्यंत ऐकतो. पण रुग्णवाहिकेने नेलेल्या 65 वर्षांवरच्या माजी सैनिकांचा तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा व्हीएत नेलेल्यांमध्ये पहिल्या 28 दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण 46 टक्क्यांनी कमी निघालं, खर्चही कमी. रुग्णाची सगळी जुनी माहिती एकाच ठिकाणी असणं हे एक संभाव्य कारण त्यांनी दिलंय. अण्णांच्या गोळ्यांचं प्रकरण झाल्यानंतर मला ते पटायला वेळ लागला नाही.

आणि काही कामं खासगीत मागूनही मिळत नाहीत. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून जवानांना पाय बसवून चालायला शिकवतंय. खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात कमरेखाली लुळे पडलेले सैनिक राहतात, उपचार घेतात, खेळतात. माझ्या रुग्णालयाच्या हिशेबात अशा रुग्णाला 'लाँग स्टे' म्हणतात आणि तिसऱ्या आठवड्यात वरून विचारणा सुरू होते की बेड कधी रिकामा होणार.

माझ्या हाती असतं तर मी तीन गोष्टी केल्या असत्या. बिलाला ठरलेली मुदत, आणि ती उलटली की सरकारने व्याज द्यायचं. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टर-फार्मासिस्टना वर्षावर्षाच्या कंत्राटाऐवजी टिकून राहावंसं वाटेल अशी नोकरी. आणि डिस्चार्ज समरी पॉलिक्लिनिकला थेट पोचल्याशिवाय रुग्णालयाचं बिलच स्वीकारायचं नाही. शेवटची गोष्ट फुकट होण्यासारखी आहे, म्हणून बहुधा कोणाला सुचत नसावी.

तुमच्या घरी कोणी फौजी असेल तर एवढं लक्षात ठेवा. इमर्जन्सीत रेफरल लागत नाही, पॅनेलवरच्या कोणत्याही रुग्णालयात थेट न्या आणि कार्ड लगेच दाखवा. पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात न्यावं लागलं तर 48 तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा आणि तशी नोंद झाल्याचा पुरावा जवळ ठेवा. पैसे आधी तुम्हालाच भरावे लागतील आणि सरकारी दरानेच परत मिळतील, म्हणून तपशीलवार बिल, रिपोर्ट आणि इम्प्लांटची स्टिकरं डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या. नंतर मागायला आलात तर आमच्यासारख्याच कोणाच्या तरी खिडकीवर दोन दिवस जातील.