घाना-टोगो-बेनिनची टूर करावी का? तिथे आपल्या संस्कृतीच्या खुणा सापडतात का?

प्रश्न असा आहे : पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन अशी दोन आठवड्यांची हेरिटेज टूर भारतातून करण्यासारखी आहे का? व्हिसा, जेवण, सुरक्षितता कशी? आणि तिकडे आपल्या संस्कृतीच्या काही खुणा सापडतात का?

करण्यासारखी आहे, जा. बाकीचं नंतर सांगते, कारण तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवून लिहायला बसले. ‘आपल्या संस्कृतीच्या खुणा’ या तीन शब्दांपायी आमच्या घरात मोठे दीर आणि मी यांच्यात अजून धड बोलणं नाही.

बँकेतून निवृत्त झाले, त्या हिवाळ्यात मी आणि माझी एक मैत्रीण गेलो होतो. यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे हे घरी. घानातलं अक्रा, केप कोस्ट, एल्मिना, कुमासी, मग टोगोतलं लोमे आणि शेवटी बेनिन. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधायला घेतला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरायच्या सोळा वर्षं आधी. आधी सोन्याचा व्यापार, मग माणसांचा. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुषांना ज्या तळघरात कोंडायचे, त्याच्या बरोबर वर प्रार्थनेची जागा होती. गाइडने आत नेऊन दिवा बंद केला. अर्ध्या मिनिटात शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात धरला. त्यावर जास्त लिहीत नाही, ते जाऊनच बघा.

आता मूळ गोष्ट. लोमेहून बेनिनच्या सीमेकडे जाताना आनेहोच्या अलीकडे एका गावात आमच्या गाइडने गाडी थांबवली. मामी वाताचं देवघर दाखवतो म्हणाला. मामी वाता म्हणजे पाण्याची देवी, त्या सगळ्या किनाऱ्यावर तिला मानतात. आम्ही चपला काढल्या. आत पांढरं लुगडं गुंडाळलेली एक म्हातारी बसलेली, मनगटात कवड्या. देवीपुढे टाल्कम पावडरचा डबा, अत्तराची बाटली, लाल सरबत, आरसा. बाई शौकीन आहे, तिला असंच लागतं, असं गाइड म्हणाला. आणि उजवीकडच्या भिंतीवर, निळ्या रंगात रंगवलेले, आमचे दत्त.

तीन डोकी, सहा हात, मागे गाय, पायाशी कुत्री. माझं सासर कुरुंदवाडचं, नदीपलीकडे दत्ताची नरसोबाची वाडी. लग्न झाल्यापासून गुरुवारचा उपास एकदाही मोडलेला नाही. मी तिथेच हात जोडले आणि डोळ्यांतून पाणी. मग जे बोलू नये ते बोलले. गाइडला म्हटलं, या बाईंना सांग, हे आमचे देव आहेत.

त्याने सांगितलं. म्हातारीने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन वाक्यं बोलली. गाइड जरा अवघडला, पण भाषांतर केलं : ‘तुमच्याकडे त्यांना काय म्हणतात ते तुम्ही म्हणा. हे डेन्सू. यांना मी चाळीस वर्षं जेवू घालतेय.’

मग तिने माझ्या तळहातावर थोडी पावडर ओतली, गळ्याला लाव म्हणाली. वासानेच लाजल्यासारखं झालं.

गाडीत गाइडने उलगडा केला. विसाव्या शतकात तिथल्या शहरांत भारतीय व्यापाऱ्यांची, त्यातही सिंध्यांची, दुकानं होती. त्यांच्याबरोबर देवांची छापील चित्रं आली आणि बाजारात विकली गेली. मामी वाताच्या भक्तांनी ती पाहिली आणि त्यांत आपल्या देवता ओळखल्या. पाण्यातून संपत्ती देणारा डेन्सू त्यांना त्या तीन डोक्यांत दिसला. घरी येऊन मी वाचलं, तर मामी वाताच्या चित्राचीच कथा याहून भारी निघाली. गळ्यात साप घेतलेली ती लांब केसांची बाई मुळात एकोणिसाव्या शतकात जर्मनीत, हॅम्बुर्गला छापलेल्या सर्कशीच्या जाहिरातीतली गारुडीण. पुढे १९५५ च्या सुमारास मुंबईच्या एका कॅलेंडर कंपनीने कुमासीच्या व्यापाऱ्यांसाठी त्या चित्राच्या बारा हजार प्रती छापून दिल्या. म्हणजे जर्मन चित्र, मुंबईची शाई आणि आफ्रिकेची देवी.

हे सगळं मी घरच्या ग्रुपवर नीट लिहिलं, भिंतीच्या फोटोसकट. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी तोच फोटो चाळीस जणांना पाठवला. खाली मजकूर : ‘आफ्रिकेत पाच हजार वर्षांपूर्वीचे दत्तमंदिर! अभिमान बाळगा!’ माझं लिहिलेलं सगळं गायब. मी ग्रुपवरच लिहिलं, भाऊजी, हे १९५० नंतरच्या कॅलेंडरावरून आलंय. त्यांनी उत्तर दिलं, तुला आपल्या धर्माचा अभिमानच नाही. मी म्हटलं, वाडीला आपण मूर्तीपुढे नाही, पादुकांपुढे डोकं टेकवतो. गाय-कुत्र्यांचं ते चित्र आपल्याही भिंतीवर कॅलेंडरातूनच आलं की. त्यावर त्यांनी ग्रुप सोडला. दिवाळीला आले, फराळ केला, माझ्याशी हवापाण्यावर बोलले.

तेव्हा खुणा हव्याच असतील तर एक खरी सांगते, तीही त्यांना आवडली नाही. घानाच्या चलनाचं नाव सेडी, आणि तो शब्द तिथल्या आकान भाषेतल्या कवडीच्या शब्दावरून आला आहे. कवडी त्या किनाऱ्यावर शतकानुशतकं पैसा होती. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या हिंदी महासागरातून युरोपला आणि तिथून जहाजं भरून गिनीच्या, म्हणजे याच, किनाऱ्याला जात. त्यांवर माणसं विकत घेतली जात. त्याच जहाजांत भारतात विणलेलं सुती कापडही असे, गुलामांच्या बदल्यात द्यायला. तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, म्हणून त्या म्हातारीचं मनगट मला ओळखीचं वाटलं होतं. ही आहे खूण. हिचा अभिमान बाळगायचा का, ते भाऊजींना विचारा.

बाकीचं पटकन. कुमासीजवळ बोनवायरला केंटे नावाचं कापड विणताना बघा. अरुंद पट्ट्या विणतात आणि मग शिवून जोडतात. पाय मागावर आणि तोंड गिऱ्हाइकाशी, दोन्ही एकदम चालू. कुमासीच्या मान्हिया राजवाड्यात ब्रिटिशांनी नेलेलं तिथल्या आशांती राजांचं सोनं २०२४ साली परत आलं, पण उसनं! मुदतीच्या करारावर. ज्याचं लुटलं त्यालाच उसनं द्यायचं, ही कला लंडनकडून शिकावी. फ्रान्सने निदान २०२१ मध्ये आबोमेच्या राजवाड्यातल्या सव्वीस वस्तू बेनिनला कायमच्या परत केल्या. आबोमेत मातीच्या भिंतींवरची उठावचित्रं बघायची, प्रत्येक राजाचं आपलं चिन्ह. बेनिनमधल्याच वीदाला अजगरांच्या मंदिराच्या समोरच कॅथलिक बॅसिलिका आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. तिथून समुद्रापर्यंतचा गुलामांचा रस्ता चालत जा, साधारण चार किलोमीटर. आमच्या मैत्रिणीसारखं गाडीत बसून जाऊ नका. जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारच्या आसपास तिथे वोदूनचा, म्हणजे तिथल्या पारंपरिक धर्माचा, सण असतो, सरकारी सुट्टी असते, गर्दीही तशीच. गान्व्हिए हे तळ्यातलं खांबांवरचं गाव सुंदर आहे, पण होडीतून लोकांच्या स्वयंपाकघरात कॅमेरे रोखणारे आपणच असतो हे लक्षात ठेवा. बायका तोंड फिरवतात. फिरवणारच.

जेवण. शाकाहारी असाल तर घानात ‘रेड रेड’ मागा. चवळीची पामतेलातली उसळ आणि तळलेली केळी. ‘मासे नको’ हे वेगळं सांगा, कारण वाळवलेला मासा ते मसाल्यासारखा टाकतात, तो त्यांच्या लेखी मांसाहारच नव्हे. शितो नावाची काळी चटणी चाखण्याआधी विचारा, तिच्यात सुकी कोळंबी असते. मी विचारलं नाही. गुरुवार होता.

टोगो आणि बेनिनमध्ये फ्रेंच चालतं, इंग्रजी जेमतेम. तिथलं चलन सेफा फ्रँक, त्यामुळे सेडी सीमेआधीच संपवा. खर्च दोघींचा मिळून सात लाखांच्या आत झाला, विमान अदिस अबाबामार्गे. व्हिसाचे नियम बदलत राहतात, त्यांच्या दूतावासांच्या साइटवर बघा, माझ्या भरवशावर राहू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी वाळवंटाकडून धुळीचा वारा येतो. दम्याचा त्रास असेल तर विचार करा.

पीतज्वराची लस मात्र निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टला लावून ठेवा. ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून.

हे आधी सांगायला हवं होतं : मी लिहिलंय ते सगळं किनारपट्टी आणि मधला भाग यांबद्दल. टोगो आणि बेनिनच्या उत्तरेकडे, बुर्किना फासोच्या सीमेजवळ, सशस्त्र गटांचे हल्ले होतात. त्यामुळे मातीचे मनोरे असलेलं कुताम्माकू, ज्यासाठी मी खरं तर टोगो निवडलं होतं, ते आम्ही रद्द केलं. कुणी एजंट ‘काही होत नाही’ म्हणाला तर दुसरा एजंट बघा.

आणि त्या म्हातारीच्या देवघरात गेलात तर फोटो काढायच्या आधी विचारा. मी विचारलं होतं, ती हो म्हणाली होती. ग्रुपवर टाकू का, हे मात्र विचारायचं राहिलं.